दोन क्लच की टॉर्क कन्व्हर्टर? आधी रोजचा रस्ता बघा

ह्युंदाई क्रेटाचं किंमतपत्रक नीट वाचलं, तर त्यात तीन वेगवेगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सापडतात. 2024 साली आलेल्या नव्या रूपात साध्या 1.5 लिटर पेट्रोल इंजिनाला सीव्हीटी जातीचा गिअरबॉक्स दिला गेला, 160 पीएसच्या टर्बो पेट्रोलला सात गिअरचा ड्युअल क्लच आणि डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या भावंडांचंही तसंच. 2022 मध्ये त्या बाजारात आल्या तेव्हा एक लिटरच्या इंजिनासोबत टॉर्क कन्व्हर्टर होता आणि दीड लिटरच्या इंजिनासोबत ड्युअल क्लच. म्हणजे आपण इंजिन निवडतो आणि गिअरबॉक्स न निवडताच पदरात पडतो.

शोरूममध्ये मात्र सगळ्यांना एकच नाव, 'ऑटोमॅटिक'. सनरूफ, रंग, स्क्रीन केवढा, यावर तासभर बोलणं होतं आणि पुढची आठ-दहा वर्षं रोज ज्याच्याशी गाठ पडायची, त्या गिअरबॉक्सचा विषय 'क्लच दाबायला नको, बस' एवढ्यावर संपतो. या लेखात एएमटी आणि सीव्हीटी बाजूला ठेवू. ज्यांच्यात निवड करताना लोक सर्वाधिक गोंधळतात त्या दोघांबद्दलच बोलू: ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी, आणि नेहमीचा जुना टॉर्क कन्व्हर्टर.

नावांवरून ओळखायचं तर ह्युंदाई आणि किया सरळ डीसीटी म्हणतात, फोक्सवॅगन आणि स्कोडा डीएसजी म्हणतात, टाटा डीसीए म्हणते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीवर नुसतं एटी लिहिलेलं असतं. विक्रेत्याला खात्री नसेल तर माहितीपुस्तिकेतलं तांत्रिक पान उघडायला लावा. तिथे ते छापलेलं असतंच.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लचच्या जागी तेल असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत तो रुळायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. त्याचा मोठा गुण असा की गाडी थांबलेली असताना इंजिन आणि चाकं यांच्यातला वेगाचा फरक तेल सोसतं. काहीही घासत नाही. उष्णता होते, पण ती तेलात जाते आणि तेल कूलरमधून फिरून थंड होतं. शिवाय उभ्या अवस्थेतून निघताना तो इंजिनाचा जोर जवळपास दुपटीपर्यंत वाढवून देतो, म्हणून अवजड एसयूव्हीदेखील चढावर न कुरकुरता उठते. वेग धरला की आतला लॉक-अप क्लच बसतो आणि तेलातली घसरण थांबते.

ड्युअल क्लच ही मुळात मॅन्युअल गाडीच आहे. तिच्यात तसेच दातेरी गिअर असतात आणि तशाच क्लच प्लेटा असतात, फक्त दोन. एका क्लचकडे 1, 3, 5, 7 हे विषम गिअर, दुसऱ्याकडे 2, 4, 6 हे सम. तुम्ही तिसऱ्यात चालत असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो आणि गिअर बदललेला कळतही नाही. ही कल्पना फ्रान्सच्या आदोल्फ केग्रेसने 1939 मध्ये मांडली, पोर्शे आणि ऑडीने 1980 च्या दशकात ती शर्यतीत वापरली आणि 2003 च्या फोक्सवॅगन गोल्फ आर32 पासून ती सर्वसामान्य रस्त्यावर आली.

यातली मेख अशी की क्लच दाबण्याचं काम तुमच्या पायाऐवजी यंत्र करतं, पण क्लच घासायचा तो घासतोच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये 'हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका' म्हणून जे ओरडून सांगितलं गेलं होतं, ते डीसीटीलाही लागू आहे. फरक एवढाच की आता ते हाफ क्लच तुम्हाला पायाखाली जाणवत नाही. माझ्या मते डीसीटीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. क्लच नसलेली गाडी समजून लोक ती चालवतात.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. डीसीटीत कोरडा क्लच आणि ओला क्लच असे दोन प्रकार आहेत. कोरड्यात प्लेटांना थंड करायला फक्त हवा असते. ओल्यात त्या तेलात बुडालेल्या असतात आणि तेल उष्णता घेऊन जातं. व्हर्टस आणि स्लाव्हियातला सात गिअरचा डीएसजी कोरडा, ह्युंदाई-कियाच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतला सात गिअरचा डीसीटीही कोरडा. टाटाने 2022 मध्ये अल्ट्रोजमध्ये डीसीए आणला तो मात्र ओल्या क्लचचा. कोरडा हलका असतो, इंधन वाचवतो, स्वस्त पडतो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात, चढावर, मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत त्याची कसोटी लागते.

त्या रांगेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरा फरक तिथे पडतो. नाताळच्या सुट्टीत वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट आठवा, किंवा शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की बोरघाटात लागणारी रीघ. पुढची गाडी एक हात सरकते, तुम्ही एक हात सरकता. चढ असल्याने ब्रेक सोडला की गाडी मागे येईल अशी भीती वाटते, म्हणून तुम्ही अॅक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी आहे तिथेच तोलून धरता. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये या वेळी तेल घुसळलं जातं. चांगली सवय नव्हेच, पण गाडी ते सहन करते. कोरड्या डीसीटीत या वेळी क्लचच्या प्लेटा अखंड घासत असतात. काही मिनिटांत तापमान चढतं आणि मग ह्युंदाईसारख्या गाडीत पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना झळकते. ती दिसली तर गाडी बाजूला घ्या, पी लावा आणि इंजिन चालूच ठेवून सूचना जाईपर्यंत थांबा. घाबरून इंजिन बंद करण्याची घाई करू नका. बॉनेटवर पाणी ओतणारे सल्लागार अशा वेळी कुठूनही प्रकट होतात. त्यांचे आभार माना आणि बाटली पिण्यासाठी ठेवा.

ती वेळच येऊ नये म्हणून सवय बदलावी लागते. चढावरच्या रांगेत पुढच्या गाडीमागे सारखं सरकू नका. ब्रेक पूर्ण दाबून उभे राहा, पुढे दोन-तीन गाड्यांइतकी जागा होऊ द्या आणि मग एकदाच नीट निघून पुन्हा पूर्ण थांबा. ब्रेक व्यवस्थित दाबलेला असला की डीसीटी क्लच पूर्ण सोडते, घासणं थांबतं. अर्धवट ब्रेकवर तरंगत राहणं सगळ्यात वाईट. मध्ये सोडलेल्या जागेत कोणी रिक्षा घुसवेलच. घुसवू द्या, क्लच प्लेट रिक्षापेक्षा महाग आहे.

निघताना हिल होल्ड तुम्हाला दोन-तीन सेकंद देतो. तेवढ्यात ब्रेकवरचा पाय ठामपणे अॅक्सिलरेटरवर न्या. दबकत, चाचपत दाबलात तर क्लच जास्त वेळ घासतो. ऑटो होल्डचं बटण असेल तर ते घाटात आणि शहरात दोन्हीकडे लावून ठेवा. या सोयीसाठी वरचं मॉडेल घ्यावं लागत असेल आणि तुम्ही डीसीटीच घेणार असाल, तर सनरूफपेक्षा हा खर्च मला रास्त वाटतो.

सपाट रस्त्यावरच्या गर्दीत त्रास वेगळा असतो. हिंजवडीहून संध्याकाळी बाहेर पडताना किंवा घोडबंदर रोडवर गाडी ताशी आठ-दहा किलोमीटरने सरकते, तेव्हा डीसीटीला पहिला ठेवावा की दुसरा हेच ठरत नाही. ती पहिला-दुसरा-पहिला करत राहते आणि बारीक हिसके देते. गिअरचा दांडा मॅन्युअल बाजूला नेऊन पहिल्यावर ठेवला तर हा घोळ थांबतो, क्लचही पूर्ण बसलेला राहतो. मोकळं मिळालं की परत डी. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याने ब्रेक सैल केला की गाडी आपल्या मनाने पुढे सरकते, दाबला की थांबते. रोज दीड-दोन तास अशा गर्दीत काढणाऱ्याला ही शांतता किती मोलाची असते, ते एकदा अनुभवल्यावर कळतं.

सिग्नलला न्यूट्रल करावं का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जातो. अर्ध्या-एक मिनिटाच्या सिग्नलला गरज नाही. ब्रेक दाबून डीमध्येच राहा. फाटक पडलंय, रांग हलतच नाही, अशा वेळी एन किंवा पी लावून हँडब्रेक ओढा आणि पायाला विश्रांती द्या.

उतारावर मात्र न्यूट्रल कधीही नको, ना यात ना त्यात. पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडायची जुनी खोड अजून पुष्कळांना आहे. आजच्या इंजिनात गिअर लावून उतरताना इंधनपुरवठा तसाही बंद होतो, त्यामुळे वाचत काहीच नाही आणि ब्रेक तेवढे तापतात. ज्या गिअरवर घाट चढलात त्याच गिअरवर उतरा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही चालतो. मॅन्युअल मोड घ्या किंवा स्टिअरिंगमागचं वजा चिन्हाचं पॅडल दाबून दुसरा-तिसरा गिअर धरा. इंजिनाचा धरलेला जोर डीसीटीत फार स्वच्छ जाणवतो, कारण मध्ये तेल नाही. आंबेनळी किंवा कुंभार्ली उतरताना डीसीटीवाला खरोखर सुखी असतो.

घाटाइतकीच छळणारी जागा म्हणजे सोसायटीचा तळघरातला पार्किंग रॅम्प. अरुंद, तीव्र चढाचा, वर वळण आणि वळणावर वॉचमनची खुर्ची. त्यात रिव्हर्सने चढायचं असेल तर डीसीटीची परीक्षाच. मोकळा रस्ता आहे याची खात्री करून एका दमात वर या, मध्येच थांबून इंच-इंच सरकू नका. खाली अर्ध्यावर समोरून गाडी आली तर रॅम्पवर तोलत बसण्यापेक्षा पुन्हा खाली जाऊन थांबलेलं बरं. रोज असा रॅम्प दोनदा चढावा लागत असेल, तर गाडी बुक करण्यापूर्वी हा एक मुद्दा कागदावर लिहून ठेवा.

मोकळ्या रस्त्यावर पारडं फिरतं. समृद्धी महामार्गावर किंवा कोल्हापूरच्या वाटेवर डीसीटीचे गिअर इतके पटापट आणि इतके गुळगुळीत पडतात की एकदा चालवल्यावर जुना टॉर्क कन्व्हर्टर आळशी वाटू लागतो. ओव्हरटेकसाठी पाय दाबला की जोर थेट चाकांवर येतो. इथेही एक बारकावा आहे. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, तो बहुधा वरचा. तुम्ही अचानक खालचा मागितलात तर यंत्राला आपला अंदाज मोडून दुसरा गिअर लावावा लागतो. त्यातही सहाव्यावरून चौथ्यावर यायचं असेल तर दोन्ही एकाच बाजूचे, एकाच क्लचवरचे, त्यामुळे मधल्या पाचव्याचा आधार घ्यावा लागतो. एरवी झटपट वाटणारी गाडी त्या क्षणी श्वास रोखल्यासारखी थबकते. कोकणातल्या दुपदरी रस्त्यावर समोरून एसटी येत असताना हा क्षण नकोसा असतो. ओव्हरटेकला बाहेर निघण्यापूर्वीच पॅडलने एक गिअर खाली घ्या, मग निघा.

टॉर्क कन्व्हर्टरही आता पूर्वीचा राहिलेला नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या एम5 सारख्या वेगवान गाडीत आधी सात गिअरचा ड्युअल क्लच बसवला होता. 2017 च्या नव्या एम5 मध्ये तो काढून झेडएफचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणला. पोर्शे 911 मात्र ड्युअल क्लचलाच धरून आहे. तेव्हा 'डीसीटी म्हणजे नवं, टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुनं' असं विक्रेता म्हणाला तर मान डोलावू नका.

मायलेजच्या बाबतीत कागदावरचा फरक स्पष्ट आहे. क्रेटा डिझेलचा कंपनीने सांगितलेला आकडा मॅन्युअलला लिटरमागे 21.8 किलोमीटर आणि टॉर्क कन्व्हर्टरला 19.1. उलट व्हर्ना टर्बोत मॅन्युअलला 20 आणि डीसीटीला 20.6, म्हणजे ऑटोमॅटिकच पुढे. हे आकडे ठरावीक चाचणीतले. शहरी कोंडीत दोन्ही गाड्या पंपावर वरचेवर दिसतील, आणि तिथे गिअरबॉक्सपेक्षा तुमचा उजवा पाय जास्त पेट्रोल पितो.

आता देखभाल. पहिली गोष्ट, 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायला नको' यावर विसंबू नका. हे कोणाचं लाइफ, गाडीचं की वॉरंटीचं, ते कोणी सांगत नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या आठ गिअरच्या बॉक्ससाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्या डीएसजीला दर 60,000 किलोमीटरला तेल बदलावं लागतं. तुमच्या गाडीचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत बघा, आणि बघताना 'सिव्हिअर युसेज' म्हणजे कठीण वापराचा वेगळा तक्ता शोधा. त्यातल्या अटी अशा असतात: सतत थांबत-सुटत चालणं, धूळ, कडक ऊन, डोंगरी रस्ते. आपल्याकडे यातली एकही अट न लागणारी गाडी बहुधा गॅरेजमध्येच उभी असेल. तेल नेमकं त्याच दर्जाचं हवं. 'याच्यातही हेच चालतं' म्हणणाऱ्या मेकॅनिककडून गाडी परत घ्या.

कोरड्या डीसीटीत तेल थोडंच असतं, पण क्लच प्लेटा झिजतात आणि मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू असतो, जो बिघडला तर खर्च मोठा येतो. बॅटरी अशक्त झाली तरी हा मेंदू नको नको त्या चुका दाखवू लागतो, म्हणून बॅटरी वेळेवर बदला. क्लच बदलला किंवा सॉफ्टवेअर अपडेट झालं तर क्लचचं अडॅप्टेशन, म्हणजे नव्या प्लेटांची ओळख यंत्राला करून देणं, संगणकावरून करावं लागतं. ते केलं का, असं विचारून जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि ज्यांना इंजिनाचं रिमॅप करून ताकद वाढवायची हौस आहे त्यांच्यासाठी: फोक्सवॅगनचा कोरडा सात गिअरचा बॉक्स 250 न्यूटन मीटर जोरासाठी बनवलेला आहे आणि दीड लिटरचं इंजिन नेमका तेवढाच जोर देतं. वर काही शिल्लक नाही.

डीसीटीबद्दलची भीती हवेतून आलेली नाही. 2013 मध्ये फोक्सवॅगनला एकट्या चीनमध्ये याच कोरड्या डीएसजीपायी 3.84 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या 16 लाख गाड्यांमधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम निघाली, कारण उष्ण, दमट हवेत आणि थांबत-सुटत चालण्यात त्या तेलामुळे विजेचे दोष येत होते. उष्ण, दमट आणि थांबत-सुटत: वर्णन मुंबईचंच वाटतं. फोर्डचा पॉवरशिफ्ट हा सहा गिअरचा कोरडा बॉक्स तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात कोर्टापर्यंत गेला. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने 2018 मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, तो तक्रारी हाताळताना ग्राहकांशी केलेल्या वागणुकीबद्दल. गाडी थरथरते म्हणून आलेल्या लोकांना 'तुमची चालवण्याची पद्धत चुकीची आहे' असं सांगून परत पाठवलं जात होतं. भारतातल्या इकोस्पोर्टमध्येही आधी हाच पॉवरशिफ्ट होता. 2017 च्या नव्या रूपात फोर्डने तिथे टॉर्क कन्व्हर्टर बसवला.

त्यानंतर डीसीटी बऱ्याच सुधारल्या आहेत आणि लाखो गाड्या विनातक्रार धावतात. पण या प्रकरणातून आपण घ्यायचा तो धडा कागदपत्रांचा आहे. गाडी थरथरली, हिसका दिला, सूचना झळकली, तर तोंडी सांगून येऊ नका. प्रत्येक वेळी जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या, मोबाइलवर चित्रण करा, पडद्यावरच्या सूचनेचा फोटो तारखेसह ठेवा. वॉरंटी संपता संपता हे कागद उपयोगी पडतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. डीसीटी घेताना वाढीव वॉरंटी घ्याच. टॉर्क कन्व्हर्टरला मी ती ऐच्छिक म्हणेन.

दोन्ही गाड्यांना लागू अशा काही बारीक गोष्टी. उतारावर गाडी लावताना सरळ पी करू नका, नाहीतर साऱ्या गाडीचं ओझं आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतं आणि सकाळी दांडा ओढताना 'टक्' असा आवाज होतो. ब्रेक दाबून एन करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पी. गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका. पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाडीची पुढची चाकं उचललेली हवीत, किंवा अख्खी गाडी टेम्पोवर चढवायला सांगा. ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि डावा पाय बाजूला टेकवून ठेवा. मॅन्युअलची सवय असलेला डावा पाय क्लच समजून ब्रेक दाबतो तेव्हा मागच्या सीटवरचे सगळे पुढे येतात.

मग घ्यावं काय? रोजचा प्रवास मुंबई-ठाणे-पुण्यातल्या कोंडीत, पार्किंगला तीव्र रॅम्प, गाडी घरातले तिघे-चौघे किंवा ड्रायव्हर चालवणार आणि ती दहा वर्षं ठेवायची, असं असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या. दोन किलोमीटर मायलेज जाईल, ते जाऊ द्या. तो चुकीच्या सवयी माफ करतो, आणि चौघांच्या चार सवयी असतातच. उलट तुम्ही नाशिक, सातारा, सांगलीसारख्या गावात राहता, महिन्यातून अनेकदा महामार्ग गाठता, गाडी बहुतेक तुम्हीच चालवता आणि चालवण्याची आवड आहे, तर डीसीटी पुरेपूर आनंद देईल. त्यातही ओला क्लच मिळत असेल तर त्याला झुकतं माप द्या. मधल्या लोकांनी, म्हणजे शहर आणि महामार्ग दोन्ही करणाऱ्यांनी, कोंडीतले तास मोजावेत, किलोमीटर नव्हे. महामार्गावर 300 किलोमीटर धावलेल्या क्लचपेक्षा शहरात तीस किलोमीटर सरकलेला क्लच जास्त थकतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी दोन वेगळ्या परीक्षा घ्याव्यात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पी वरून डी आणि आर लावून बघा. गिअर धरायला वेळ लागला किंवा धक्का बसला तर थांबा. चालवताना इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, किंवा सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगात हलकी थरथर येते, तर लॉक-अप क्लच किंवा तेल दमलं आहे. डीसीटी इंजिन थंड असतानाच पाहायला जा; मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. हळू अॅक्सिलरेटरवर पहिल्या ते तिसऱ्या गिअरपर्यंत जा, पंधरा ते तीसच्या वेगात थरथर येते का बघा. एखाद्या चढावर रिव्हर्सने चढवा. मग अर्धा तास गर्दीत फिरवून हेच सगळं पुन्हा करा, कारण दुखणं बहुधा गरम झाल्यावर बाहेर येतं. संगणक लावून क्लचची झीज आणि साठलेले दोष वाचणारा माणूस सोबत न्या. त्याची फी ही या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट असेल. वॉरंटी संपलेली, सर्व्हिसचे कागद नसलेली, शहरातच फिरलेली कोरड्या क्लचची गाडी कितीही कमी किमतीत मिळत असली तरी घेऊ नका.